पहिल्या आखाजीचा मांडा

आई गेल्यानंतरची ही पहिली आखाजी. आमच्या खान्देशात या सणाला लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, आणि गेलेल्या माणसांच्या नावानं निखाऱ्यावर घास टाकतात. त्याला आगारी म्हणतात. यंदा घास आईच्या नावाचा होता.

देवपूरहून माहेरी, अमळनेरला जायला एसटी धरली ती तणतणतच. आदल्या दिवशी वहिनीचा फोन आला होता, "ताई, मांडे ऑर्डर देऊन आणू का? खापरावर मांडा टाकणारं आता घरात कोण आहे?"

"मी आहे ना!" मी ताडकन म्हणाले. आईच्या तोंडी विकतचा घास? जन्मभर बाईनं बाजारच्या मांड्याला नाक मुरडलं! बोलून बसले खरी, पण हातांवर ताणायची ती पुरणाची भलीमोठी पोळी, एकही मांडा मला आजवर धड जमला नव्हता.

सकाळी चूल पेटली, उपडं खापर तापलं. बांगड्या वर सारल्या, पुरण भरलेला उंडा हातांवर घेतला आणि या हातावरून त्या हातावर झेलत ताणायला लागले. फाटला. दुसरा तर असा फाटला की पुरण थेट पायावर. वहिनीनं हळूच मोबाइल उचलला.

"ठेव तो खाली!" मी ओरडले. परातीत एकच उंडा उरला होता. तो घेतला, जरासा ताणला, आणि नेमके तेव्हाच वडील, आमचे आबा, दारात येऊन उभे राहिले. आई मांडे करायची तेव्हा हटकून यायचे, तसेच.

"कितला येळ? भूक लागनी ना!"

माझं डोकंच फिरलं. "तुम्हले कसानी घाई शे? जा, वट्टावर बठा गुपचूप!"

हे आईचं बोलणं. आईचाच ठसका! आबांकडे डोळे वटारून मी बडबडत होते आणि हात आपले आपण चालत होते. मांडा कोपरापर्यंत उतरला, पातळ, अख्खा. अगं बाई! श्वास रोखून खापरावर टाकला. टम्म फुगला! वहिनीनं टाळ्याच पिटल्या. मी हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

आबा ओट्यावर गेलेच नाहीत. त्यांनी गरम मांड्याचा तुकडा मोडला, वर तूप सोडलं आणि वाकून निखाऱ्यावर ठेवला.

"ले, खाय," ते आईला म्हणाले, "तुन्ही पोरनी मांडा कया शे."