थोरल्या जाऊबाईंचा डबा

आमच्या थोरल्या जाऊबाई शाळेचे गणवेश शिवायच्या आणि सासूबाईंना गोळ्या द्यायच्या. गणवेश कितीही शिवोत बापड्या, माझं काही म्हणणं नव्हतं. माझं दुखणं होतं त्या गोळ्यांचं.

रोज संध्याकाळी मशीन थांबवून त्या खणाखणांचा डबा घेऊन सासूबाईंच्या पलंगावर बसत. गोळी, पाणी, मग "आई, जीभ दाखवा." सासूबाई निमूट जीभ काढत. आल्यागेल्यासमोर एकच पालुपद, "थोरली आहे म्हणून मी आहे." मी ऑफिसातून दमून येऊन त्यांचे सुजलेले पाय चेपायची, त्याचं नाव नाही! असा जळफळाट व्हायचा की विचारू नका.

त्यात सासूबाई पेंगुळत चालल्या. बोलता बोलता डोळा लागे, उठताना तोल जाई. एकदा मोरीत पडता पडता वाचल्या. जाऊबाई माहेरी गेल्या तशी मी संधी साधली. घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या पिशवीत भरल्या आणि सासूबाईंना नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काळजी होतीच, पण डबा एकदाचा त्या हातातून सुटावा, हेही मनात होतं.

डॉक्टरीणबाईंनी पिशवी टेबलावर ओतली आणि कपाळाला हात लावला. रक्तदाबाच्या गोळीने पाय सुजले होते. सूज उतरायला दुसरी दिली, तिने रात्रभर लघवीला उठवलं. झोप मोडली म्हणून झोपेची आली, तिने चक्कर आली, आणि चक्करेवर आणखी एक!

"प्रत्येक डॉक्टरने आपली गोळी वाढवली, काढली कुणीच नाही," त्या म्हणाल्या. "घरात देणाऱ्याची चूक नाही हं. लिहिलं तसंच दिलंय."

हे शेवटचं मी घरी सांगितलं नाही.

त्यांनी एक गोळी बदलली, बाकीच्या हळूहळू कमी करत बंद केल्या. सासूबाईंना तरतरी आली. माझ्या आमटीत मीठ कमी आहे, हेही कळायला लागलं. सकाळची एकच गोळी उरली, ती त्या स्वतःच घेत.

जाऊबाईंनी डबा कपाटात टाकला. "मीच त्यांना गुंगीत ठेवलं गं," म्हणाल्या. मी नुसतं "असू दे हो ताई" म्हटलं. मग त्यांचं मशीन संध्याकाळीही थांबेना.

पलंगावरची जागा मोकळी झाली, तिथे मी जाऊन बसले. सासूबाईंनी विचारलं, "थोरली कुठाय?"

"आई, आता संध्याकाळची गोळी नाही."

"ते कळतं मला, अक्कल शाबूत आहे अजून. गोळीच्या निमित्ताने घटकाभर टेकायची गं ती माझ्यापाशी. नाहीतर तिला उसंत कुठली? म्हणून तर मुकाट गिळत होते सगळं. जा, बोलाव तिला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी गेले. ते सगळं जाऊबाईंना सांगितलं आणि वर म्हटलं, "चूक तुमची नव्हती, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या."

"कधी?"

"तेव्हाच."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. हातातलं शिवण ठेवलं आणि आत गेल्या.

थोड्या वेळाने आतून सासूबाईंचं खळखळून हसणं ऐकू आलं. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं एकदाही हसवलेलं नाही.