पाचवं अंडं

केकच्या दुकानातल्या मावशींना गप्प बसणं जमायचं नाही. कुणी लग्नाचा केक ठरवायला आलं, की क्रीमचा रंग मावशी ठरवणार, वरचा मजकूरही मावशीच ठरवणार. गिऱ्हाईक कुरकुरलं, तर "माझं ऐका" म्हणून वही मिटणार. सव्वीस वर्षं हाच खाक्या. लोक मुकाट ऐकायचेही, कारण हातात जादू होती. ईस्टरच्या चॉकलेटच्या अंड्यांवर त्या पांढऱ्या आयसिंगने अशी नावं काढत, की बघणाऱ्याने तोंडात बोटं घालावीत.

कोपऱ्यावरच्या शाळाबाईंकडे दर ईस्टरला पाच अंड्यांची पेटी जायची. त्यांवर नावं: आजी, आई म्हणजे शाळाबाई स्वतः, बाबा, थोरला दादा आणि धाकटी चिमी. अंडी आतून पोकळ, आणि पोकळीत काय भेट ठेवायची हेही अर्थात मावशीच ठरवायच्या. आजीला सुयांची डबी, चित्रं काढणाऱ्या दादाला खडू. सणाच्या सकाळी टेबलाभोवती बसून सगळ्यांनी एकदम अंडी फोडायची, ही त्या घरची रीत.

सहा महिन्यांपूर्वी दादा गेला. चार दिवसांचा ताप काय आला, सोळा वर्षांचं पोरगं हातचं गेलं. मावशी भेटायला गेल्या, आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. तशाच उठून आल्या.

यंदाही शाळाबाई दुकानात आल्या. "नेहमीसारखीच पाच, मावशी," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

चार नावं झाली आणि मावशींचा हात थांबला. बाई बिचारी सवयीने पाच म्हणाली असेल. ऐन सणाला ते नाव समोर आलं, तर घरभर रडारड होईल. फोन करून विचारता आलं असतं, फोन हाताशीच होता. पण विचारायचं म्हणजे दादाचा विषय काढायचा, आणि तिथे मावशींचं अवसान गळालं. त्यांनी पेटीतल्या पाचव्या खणात रंगीत कागद कोंबला आणि स्वतःचीच समजूत घातली, की आपण शहाणपणाच केला.

ईस्टरच्या सकाळी शाळाबाईंचा फोन आला.

"मावशी, दादाचं अंडं दुकानातच राहिलं का हो?"

"हो, हो! राहिलं बघा. आत्ता आणते," त्या धडधडीत खोटं बोलल्या.

बंद दुकान उघडून त्यांनी चॉकलेट वितळवलं, साच्यात ओतलं, फ्रीजमध्ये ठेवलं. ते घट्ट होईपर्यंत स्वतःला शिव्या घालत राहिल्या. मग आत खडू ठेवून दोन्ही अर्धे जोडले. घाईघाईत नाव काढलं, तर शेवटचा काना वाकडा गेला.

तिकडे घरचे तासाभरापासून ताटकळले होते. चारही अंडी तशीच. शाळाबाईंनी दारातच अंडं हातात घेतलं आणि त्यांच्या अंगठ्याला ओलं आयसिंग लागलं. त्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

"आत्ता केलंत हे?"

"हो."

"म्हणजे राहिलं नव्हतं."

"तुम्हाला त्रास होईल असं वाटलं हो मला."

"महिनाभर चिमीला समजावतेय मी," शाळाबाईंचा आवाज चढला नाही, आणि मावशींना तेच जास्त लागलं. "दादा येणार नाही, पण त्याचं अंडं येईल, ते तू फोडायचंस. पेटी उघडली तर तिथे कागद. म्हणाली, मावशीपण त्याला विसरल्या."

तेवढ्यात आईच्या मागून सात वर्षांची चिमी पुढे आली. "विसरलात ना तुम्ही?"

हो म्हटलं असतं, तर सगळं तिथेच मिटलं असतं. मावशींच्या ओठांवर आलंही होतं. पण आज सकाळी बोललेलं एक खोटं पुरे होतं.

"नाही गं. चांगला आठवत होता."

"मग का नाही केलंत?"

सगळ्या गावाला सल्ले वाटणाऱ्या मावशी चिमीसमोर खाली बसल्या. "तुझ्या आईला विचारायला हवं होतं, पण मला भीती वाटली."

चिमीने जरा विचार केला. "तुम्हाला भीती वाटली, म्हणून दादाला अंडं नाही?"

"हो," मावशी म्हणाल्या.