पान्हा फुटेपर्यंत

बबनतात्यांच्या दहाव्याच्या संध्याकाळी, माले गावातल्या त्यांच्या अंगणात, नव्वद हजारांचा आकडा उच्चारला गेला. हजर आम्ही चौघे: तात्यांच्या पत्नी सोनाकाकू, मुलगा संतोष, शेजारच्या रिसॉर्टचा व्यवस्थापक आणि मी. नव्वद हजार म्हशीचे. तात्या ज्यावर बसून धार काढायचे तो लाकडी पाट आणि त्यांचा फोटो त्यातच धरलेला. "आमच्या 'स्लो मॉर्निंग' कार्यक्रमात तात्या कायम राहतील," व्यवस्थापक चहाचा घोट घेत म्हणाला. मला किळस आली. अजून येते.

मी हिंजवडीतल्या एका कचेरीत हिशेब पाहतो. रविवारी दुधासाठी मालेला जायचो. पेट्रोल धरलं तर ते दूध परवडत नव्हतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्या दिवशी तात्या रेडकाला पाजून, कास धुऊन चंद्री म्हशीजवळ नुसतेच बसले होते. मी दोनदा घड्याळ पाहिलं. "घाई हाय व्हय? मग पिशवीचं घ्या की. हिला पान्हा फुटस्तोवर बसाय लागतंय," ते म्हणाले. मग मीही बसू लागलो. रवंथाचा आवाज, ओल्या कडब्याचा वास, रिकाम्या बादलीत वाजणारी पहिली धार... तेवढा वेळ डोक्यातली बेरीज थांबायची. तात्यांनी मला काही शिकवलं असं म्हणणार नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

शिकवायचा धंदा रिसॉर्टचा. शहरी पाहुण्यांना निवांतपणा दाखवायचा, साडेसहा ते पावणेसात, तात्यांच्या गोठ्यात. माणसं येतायत तर येऊ देत, म्हणून तात्या हो म्हणाले. पण चंद्री वेळेत पान्हा सोडेना आणि पाहुण्यांचा पुढचा कार्यक्रम खोळंबायचा. तेव्हा याच व्यवस्थापकाने सुचवलं, "इंजेक्शन द्या ना, दोन मिनिटांत सोडेल." सावकाश जगायला शिकवणार, आणि त्यासाठी मुक्या जनावराला सुई टोचणार! तात्या भडकले. "ती काय लिफ्ट हाय का, बटण दाबलं की खाली?" पाहुणे त्याच दिवशी बंद झाले.

दहाव्याला तोच माणूस परत आला होता. संतोष कंपनीची कॅब चालवतो, पहाटेच निघतो. त्याचंही खोटं नव्हतं. "आई, धार कोण काढणार? तुला ती पान्हा सोडत न्हाई. समदं दूध रेडकूच पितंय."

"आमच्याकडे माणूस आहे," व्यवस्थापक म्हणाला. "सुईबिई सगळं तो बघतो."

इतका वेळ काकू खाली मान घालून बसल्या होत्या. सुईचं नाव निघताच उठल्या. "भाऊ, बादली द्या जरा," त्या मला म्हणाल्या.

रेडकाला पाजून, कास धुऊन त्या तात्यांच्या पाटावर बसल्या. व्यवस्थापकाचा फोन वाजला, परत वाजला. "ताई, मग काय ठरलं?"

"बसा की. निवांत हायसा न्हवं तुमी लोक?" काकूंनी मान वळवली नाही.

तो बसला नाही. गाडीचा आवाज रस्त्याला लागला. अंधारून आलं, संतोषने गोठ्यातला दिवा लावला, चंद्रीने एकदा शेपटी झटकली... आणि बादली वाजली. संतोष दारातच खाली बसला.

म्हैस गोठ्यातच आहे. रविवारी पाटावर आता काकू असतात, तात्यांसारख्याच पान्ह्याची वाट बघत. परवा संतोषने मोबाइलवर रिसॉर्टची जाहिरात दाखवली. पाहुणे यायचे तेव्हा काढलेला तात्यांचा फोटो रिसॉर्टवाल्यांनी लावलाच आहे, खाली 'थांबा, श्वास घ्या' असं लिहून. त्याचा एक रुपयाही या घरात आला नाही. दहाव्याच्या त्या संध्याकाळी अर्धा लिटर दूध निघालं. त्याचे चाळीस रुपये मी सोनाकाकूंच्या हातात दिले.