जन्मताना वजन किती होतं?

दवाखान्याच्या काउंटरवर किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते केसपेपरच्या आधी येतात! वरवंडला आमच्या मॅडम बायकांच्या डॉक्टर, रेखाताई नर्स आणि मी काउंटरवर. मॅडमनी हल्ली नवाच प्रश्न सुरू केलाय, "जन्मताना वजन किती होतं?"

पाळीत फार दुखणाऱ्या पोरींना त्या हे विचारतात. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढतं. दुखतं, कधी दिवस राहायलाही अडचण येते. जन्मताना वजन कमी असेल तर पुढे हा धोका थोडा जास्त असू शकतो, असं मॅडमनी वाचलंय. "असू शकतो हं," असं त्या बजावतातही.

*

राहू गावची एक आजी नातीला घेऊन आली. "वजन? सुपात ठेवली तर सूप रिकामंच वाटायचं बघा!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

*

झेंडूवाले आप्पा मात्र तयारीत. "लेकीचं वजन म्या सोता केलंय, फुलांच्या काट्यावर. दोन किलो!"

मॅडम लिहायला लागल्या, तेवढ्यात त्यांची बायको म्हणाली, "अवो, तुम्ही क्रेटचं वजन वजा केलं व्हतं न्हवं?"

"मग! सवयच हाय."

"पर पोर क्रेटात कुठं व्हती? टावेलात व्हती!"

आप्पा लेकीकडं बघतच राहिले. इतकी वर्षं ते तिला कमी धरत आले होते.

*

सुनेला घेऊन आलेल्या एक सासूबाई वैतागल्या, "जन्माचं काय घिऊन बसलाय? आता पासष्ट किलो हाय, लिवा!"

*

हा आजार आमच्या रेखाताईलाही आहे. 'पाळीत दुखायचंच' हे ऐकण्यात तिची वर्षं गेली. ऑपरेशन झालं, मुलासाठी ट्रीटमेंट चालू आहे. तिची आई वडगाव रासाईहून आली, तेव्हा मॅडमनी तिलाही विचारलं.

"न्हाई केलं वजन. पोरगी झाली म्हणल्यावर काटा कोण आणतंय?"

रेखाताई हसली. "बरं झालं मॅडम, न्हाईतर सगळं खापर वजनावर फोडलं असतं!"

मला हसू आलं नाही. तिला मूल हवंय, फार हवंय, आणि आमच्या हातात काही नाही.

*

परवा एक डिलिव्हरी झाली. रेखाताईनं बाळ पुसलं, गुंडाळलं आणि काट्याकडे गेली. मॅडम टाके घालत होत्या, मी लिहून घ्यायला दारात.

"रेखा, वजन?"

मॅडमनी टाक्याचा दोरा कापला.

"रेखा, किती भरलं गं?"

ती काट्यापाशी पाठमोरी उभी होती. काटा शून्यावर.

"सांगते मॅडम," ती हळूच म्हणाली. "अजून खाली ठेवलं न्हाई."