उसवलेल्या अकरा ओळी

रविवारी उपासना संपताना पाळकसाहेबांनी वेदीवरचं मी विणलेलं क्रोशाचं कापड उचलून सगळ्यांना दाखवलं. म्हणाले, "चिकाटी या ताईंकडून शिका. कधी थकल्या नाहीत, कधी कुरकुरल्या नाहीत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांना हे सांगितलं कोणी? राऊ गावातल्या माझ्या घरी मी ते कापड तीनदा उसवलंय! शेवटी तर त्यावर विणलेल्या क्रूसाचा एक हात जाळीच्या दोन खणांनी आखूड निघाला. शेजारीण म्हणाली, "भाभीजी, चलने दो, कौन देखता है!" मी सुई भिंतीवर फेकली, देवाशी कचाकचा भांडले, रडले, आणि मग अकरा ओळी उसवल्या. चुरगळलेला तोच धागा पुन्हा सुईवर घेताना वाटलं, देव मलाही असाच उसवतो, पण टाकून देत नाही. एवढंच मला समजलंय, आणि नेमकं तेवढंच यांनी प्रवचनातून पुसून टाकलं!

दारात पाळकसाहेबांनी हस्तांदोलनाला हात पुढे केला. तो धरूनच मी म्हटलं, "पुढच्या वेळी माझं रडणंही सांगा. तुमच्यासमोर बाकांवर थकलेलीच माणसं बसतात."