शेवटचा ई

क्वीन्सटाउनच्या ज्या फ्लॅटमध्ये मी खोली भाड्यानं घेतली होती, तिथले काका-काकू पुण्याचे. नात्यागोत्याचे नव्हते. सिंगापुरात मराठी बोलणारा प्रत्येक मोठा माणूस काका होतो, तसे हे. जपानच्या सहलीला त्यांनी मला आपल्या लेकीच्या सोबतीला नेलं आणि परतल्यावर त्यातल्या डायनोसॉर म्युझियमचे फोटो दर रविवारी नव्या पाहुण्यांना दाखवू लागले. कॅमेरा वायरनं टीव्हीला जोडायचा, चकल्या मांडायच्या, की सुरू.

फोटोंत डायनोसॉर कमी, काका जास्त. प्रचंड सांगाड्याखाली हाताची घडी घालून असे उभे, जणू शिकार त्यांचीच. तिथे काचेपलीकडे माणसं सुईसारख्या हत्यारांनी हाडांवरचा दगड कणाकणानं काढत होती. मी आणि लेक तिथून हलेना. काका म्हणाले होते, "दिवसभर हेच करतात?" आणि दशम्या खायला बाक शोधायला गेले होते.

त्या रविवारी पाहुण्या म्हणून आलेल्या बाई काकूंच्या मैत्रीण. काकांनी एका पाटीचा फोटो मोठा केला.

"बघा, जपानीखाली इंग्रजीत काय लिहिलंय? कास्ट. जपान्यांनी स्पेलिंगमधला शेवटचा ई खाल्लाय, पण मुद्दा बरोबर आहे. आपणच उगीच लाजतो. इथे डायनोसॉरलासुद्धा जात आहे."

बाई खूप हसल्या. हसता हसता माझ्याकडे वळल्या.

"तुझं गाव कुठलं गं?"

"नागपूर."

"ते झालं. मूळचे कुठले तुम्ही?"

माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. त्यातून लोकांच्या हाती काही लागत नाही, म्हणून ते असे नकाशावर फिरत राहतात. काकूही कित्येक महिने फिरत होत्या. सणाला तुमच्यात काय करतात, देव कुठला. सरळ विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. आपणहून सांगत नव्हते, कारण खोली चांगली होती आणि मला ती हवी होती.

"डॅडी, दॅट वन फेक लाह," लेक मध्येच तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "ताई टोल्ड मी."

"काय फेक?"

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"स्पेलिंग बरोबर आहे, काका," मी म्हटलं. "कास्ट म्हणजे साच्यातून काढलेली नक्कल. तुम्ही उभे आहात तो सांगाडा खरा नाही, एवढंच त्या पाटीवर आहे." मग बाईंना म्हटलं, "आणि आम्ही बौद्ध."

बाईंनी चकली ताटलीत परत ठेवली.

"अगं, आम्ही तसलं काही मानतच नाही," काकू म्हणाल्या. मानता, असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. काकांनी घाईनं पुढचा फोटो लावला. त्यातही तेच होते.

त्या महिन्यातच काकूंनी मला सांगितलं की पुण्याहून नणंद राहायला येतेय, खोली लागेल. नणंद आली नाही. हे लेकीनं मला फोनवर सांगितलं, तोवर मी तोआ पायोहमध्ये दुसरी खोली घेऊन राहत होते. तिथल्या चिनी घरमालकिणीनं दारातच विचारलं होतं, "यू कुक करी?"

मी हो म्हटलं.

"विंडो ओपन," ती म्हणाली, आणि किल्ली दिली.