कडू घासाचा वाटेकरी

मळणीयंत्राचा आवाज कानावर पडला की बिलोली तालुक्यातली ती घटना आजही डोळ्यांपुढे उभी राहते.

सोयाबीनची मळणी सुरू असताना एका तरुणाच्या गळ्यातला रुमाल फिरत्या शाफ्टमध्ये गुंतला आणि तो जागीच गेला. आम्ही पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "अपघात न्हाई साहेब. दोघा दोस्तांचं वाजलं होतं. त्यानंच ढकललं."

सोबत काम करणाऱ्या मित्राला बोलावलं. लातूरला कॉलेजात शिकणारा, सुटीत गावी आलेला मुलगा. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "मीच मारलं त्याला."

"कसं मारलंस?"

"मारलं, साहेब. लिहून घ्या. मला आत टाका."

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण गावात खुनी हे नाव त्याला जन्मभर चिकटलं असतं. खरा गुन्हेगार आधी आपलं पुढे काय होणार ते चाचपतो. हा काहीच विचारत नव्हता, पाणीसुद्धा घेत नव्हता. आमचे जमादार वैतागले. "पोरा, लोकं न्हाई न्हाई म्हणून आमचं डोकं खातेत. तू हाव म्हणून खाऊन राहिलास!"

दुपारी मृताचा थोरला भाऊ अंत्यविधी आटोपून ओल्या कपड्यांनीच ठाण्यात आला. जमादार सावध उभे राहिले. भावाच्या हातात फडक्यात बांधलेली पिठलं-भाकरी होती. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. भावकी बाहेरून कडू घास आणते आणि तो सुतकातली माणसंच खातात. भावानं भाकरी मोडली आणि अर्धी त्या मुलापुढे धरली.

"खा."

"मला कशाला, दादा? मी त्याचा कोण?"

"कोण म्हणतोस, येड्या? सुतक तुला न्हाई तर कुणाला? खा मुकाट्यानं. मला एकट्याला घशाखाली उतरंना."

त्यानं घास घेतला आणि हंबरडा फोडला. मग खरं बाहेर आलं. "त्याच्या गळ्यात नवा रुमाल होता. मी नवरदेव म्हणून चिडवलं. त्यो शिव्या देऊन हसला. रुमाल काढ म्हणायचं मला सुचलंच न्हाई, साहेब."

यंत्राच्या आवाजात ओरडून दिलेल्या त्या शिव्या शेजारच्या शेतात भांडणासारख्या ऐकू गेल्या होत्या. पंचनामा, शवविच्छेदन आणि मजुरांचे जबाब जुळले. प्रकरण बंद झालं.

पुढच्या हंगामात ते दोघे मला लातूरच्या मोंढ्यात, धान्यबाजारात भेटले. थोरला म्हणाला, "साहेब, हे रविवारी गावाकडं येतंय आन् मलाच शेती शिकवून राहिलंय!" दुसरा हसला. मी हळूच विचारलं, "झोप लागते का?"

"लागते. आधी वाटायचं, शिक्षा झाली असती तर सुटलो असतो. आता दादासंग त्याच्या गोष्टी निघतात. चिडवण्यात तोच लई पुढं होता, साहेब."

दुःखात माणूस दोषी शोधतो. दुसरा सापडला नाही की स्वतःलाच धरतो. त्याला निर्दोष ठरवणं आमच्या हातात असतं, पण तेवढ्यानं तो फक्त घरी जातो. त्याला माणसांत परत आणायला त्याच्याइतकंच दुखावलेलं कुणीतरी लागतं. माझी पत्नी वारली आणि मीही स्वतःलाच धरून बसलो, त्या वर्षी मला हे नीट कळलं.